अडचण ज्याची होणार, त्यालाही घेऊन या

हौसाताई गराडे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण त्यांच्याशी नव्हते, आमच्या दापोडीच्या गल्लीतले गॅरेजवाले रशीदभाई यांच्याशी होते. पण ताई तेव्हा आमच्या प्रभागाच्या नगरसेविका होत्या, त्यामुळे राग ओतायला त्यांच्याइतकी हक्काची जागा दुसरी नव्हती.

आमची गल्ली रेल्वेच्या भिंतीपाशी संपते आणि आमचे घर तिच्या अगदी टोकाला आहे. गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंचे गॅरेज. दुरुस्तीला आलेले टेम्पो, रिक्षा, विटांवर चढवलेली एक जुनी मोटार असा सगळा संसार त्या काळी रस्त्यातच मांडलेला असे. चालत जायला वाट होती, दुचाकी तिरकी करून कशीबशी निघायची, बाकी काही आत येण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या वडिलांना, अण्णांना, दम्याचा त्रास. एका दुपारी त्यांचा श्वास कोंडला. रुग्णवाहिका आली, पण ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. शेजाऱ्यांनी अण्णांना खुर्चीत बसवले आणि गाड्यांच्या फटींतून अडखळत बाहेर नेले. त्या खेपेला अण्णा वाचले. डॉक्टर मात्र म्हणाले, पुढच्या वेळी एवढा उशीर करू नका. उशीर घरच्यांनी केलाच नव्हता, तो गल्लीने केला होता, पण हे डॉक्टरांना सांगून काय उपयोग?

मी चाकणच्या एका कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून दवाखान्यात गेलो, अण्णांना पाहिले आणि तिथून तडक ताईंच्या दारात. ताई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी जे तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदा पाणी दिले, आणि मग शांतपणे विचारले, "गाड्या हलल्या तर अडचन कुनाची व्हनार?"

मी म्हणालो, "रशीदभाईंची."

"मग उद्या त्यांनाबी घिऊन या. त्यांच्याबिगर तुमची तक्रार मी घ्यायची न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या विरुद्ध तक्रार करायची त्यालाच बरोबर आणायचे, हा कुठला न्याय? पण ताईंपुढे इलाज नव्हता. त्यात आणखी गंमत अशी, की माझी मोटारसायकल दुरुस्तीसाठी रशीदभाईंच्याच गॅरेजात पडली होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच स्कूटरवर, त्यांच्याच मागे बसून, त्यांच्याच विरुद्ध तक्रार करायला निघालो. वाटभर आम्ही भांडत होतो. ते मागे वळून उत्तर द्यायचे आणि मी ओरडायचो, की आधी पुढे बघा. त्या भांडणात मला कळले, की जागामालकाने मागचे आवार बंद केल्यापासून त्यांना गाड्या ठेवायला जागाच उरलेली नाही. आणि त्यांना कळले, की मी मोटारसायकल अडते म्हणून नव्हे, तर अण्णांसाठी भांडतो आहे.

ताईंच्या ओट्यावर पोहोचलो तेव्हा रशीदभाईच आधी बोलले. "ताई, याच्या अण्णांचं मला ठाऊकच नव्हतं. खुदा कसम, नव्हतं. पण गाड्या काय डोक्यावर ठेवू?"

ताई म्हणाल्या, "हां, आता झाली पुरी तक्रार. बसा दोघंबी."

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्या कामाविषयी कोणी विचारले, तर मी हाच प्रसंग सांगतो. त्या दापोडीच्या जुन्या गावकरी घरातल्या. एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. शेकडो कामगारांच्या तोंडची चव एकाच पातेल्यातून सांभाळायची सवय असल्यामुळे असेल, पण एका बाजूचे ऐकून निर्णय देणे त्यांना कधी जमलेच नाही. त्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच असे. कितीतरी लोक तो ऐकून चिडून परत जात आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन हजर होत.

दिघीचे उदाहरण सांगतो. लष्कराच्या भिंतीकडेच्या रस्त्यावर अंधार असे, कामावरून येणाऱ्या बायका जीव मुठीत धरून चालत. दिवा बसवला की चार दिवसांत फुटायचा. तिथल्या बायका ताईंकडे आल्या. तो ताईंचा प्रभागही नव्हता, पण असले हिशेब त्यांनी कधी केले नाहीत. दिवा कोणाला नको आहे ते शोधून काढा, असे त्यांनी सांगितले. निघाले ते एक निवृत्त सुभेदार. दिव्याचा झोत थेट त्यांच्या बिछान्यावर पडायचा आणि त्यांची झोप उडायची. म्हातारबुवांचा नेम अजून शाबूत होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले. ताईंनी त्यांना बायकांच्या समोर बसवले, चहा पाजला आणि महापालिकेच्या विद्युत विभागाकडून दिव्याचे तोंड जरा वळवून घेतले. त्यानंतर दिवा बंद पडला की कार्यालयात पहिला फोन सुभेदारांचाच जायचा आणि तो घेणाऱ्याची काही खैर नसायची.

आमच्या गल्लीचे काम इतके सोपे नव्हते. महापालिकेच्या शाळेच्या मागच्या भिंतीलगत एक मोकळी पट्टी होती. रशीदभाईंच्या गाड्या तिथे उभ्या राहिल्या तर गल्ली मोकळी होणार होती. अडचण शाळेची, म्हणून मुख्याध्यापिका बाईंना ओट्यावर बोलावले गेले. बाईंना तेलाची आणि आवाजाची धास्ती होती. शाळा भरलेली असताना तिथे ठाकठोक करायची नाही, आणि शाळेचे मोडके फाटक रशीदभाईंनी दुरुस्त करून द्यायचे, असे ठरले. परवानगी ज्यांच्या हाती होती ते क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंते मात्र हलायला तयार नव्हते. माणूस चांगला, पण फोन केला की "बघतो ताई" यापलीकडे गाडी जात नव्हती.

ताईंनी त्यांना एका संध्याकाळी चहाला बोलावले. वेळ मुद्दाम अशी निवडली, की कंपन्या सुटून माणसे घरी परतत असावीत आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नसावी. चहा आमच्याच घरी झाला. चहा झाल्यावर ताई म्हणाल्या, "साहेब, जरा पेशंट व्हा."

साहेबांना आधी चेष्टा वाटली. पण खुर्ची आणलेलीच होती. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने रशीदभाई आणि मागून दोन शेजारी, अशी आम्ही खुर्ची उचलली. साहेब अंगाने चांगले भरदार. टेम्पोच्या आरशाने त्यांचे कोपर खरचटले, रिक्षाच्या टपावरून त्यांचा चष्मा परत मिळवावा लागला आणि जुन्या मोटारीपाशी खुर्ची भिंतीत आणि मडगार्डमध्ये अशी अडकली, की पुढेही जाईना आणि मागेही येईना. दोन्हीकडच्या दारांतून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

साहेब म्हणाले, "ताई, मला उतरवा. मी उद्याच जागा बघतो."

ताई म्हणाल्या, "पेशंट कधी मधीच उतरतो व्हय? चला रं, न्या पुढं."

शेवटपर्यंत नेल्यावर साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि तेही आमच्यात सामील होऊन हसले. त्या पट्टीची परवानगी त्यानंतर लवकरच आली. साहेब आता वरच्या पदावर आहेत आणि हा किस्सा ते स्वतः आमच्यापेक्षा रंगवून सांगतात.

गल्ली मोकळी झाली. पण ताईंचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांनी अग्निशमन केंद्रात जाऊन विनंती केली, की एकदा बंब आत आणून दाखवा. रविवारची सकाळ ठरली. ही बातमी गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना लागली आणि ताईंचे कौतुक करायचे म्हणून त्यांनी रातोरात तयारी केली. सकाळी बघतो तर गल्लीच्या तोंडाशी बांबूची टोलेजंग कमान, तिच्यावर ताईंचा भला मोठा फोटो, हात जोडलेले आणि खाली "मोकळ्या गल्लीच्या शिल्पकार" अशी अक्षरे. हलगीही आणली होती. घंटा वाजवत बंब आला, गल्लीत वळला, आणि त्याची शिडी कमानीत अडकली.

हलगी थांबली. बंबाचे चालक खाली उतरले. त्यांनी वर ताईंच्या फोटोकडे पाहिले, मग शेजारी उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "ताई, बाकी गल्ली एकदम मोकळी हाय. अडचन फक्त तुमचीच हाय."

ताई इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावे लागले. मग त्यांनी कोयता मागवला आणि पोरांना आपलाच फोटो उतरवायला लावला. बंब शेवटच्या दारापर्यंत, म्हणजे आमच्या दारापर्यंत आला. अण्णांनी दारातूनच त्याला नमस्कार केला. पण मंडळाची काही पोरे रुसली ती रुसलीच. कमान कापली म्हणजे आपले नाक कापले, असे त्यांनी मनाला लावून घेतले आणि पुढच्या निवडणुकीत ती दुसऱ्या पॅनेलच्या प्रचारात फिरली. ताई थोडक्यात पडल्या. आम्ही तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो तर ताई पेढे वाटत होत्या. म्हणाल्या, की आता सभांना जायला नको, दिवसभर ओट्यावर बसता येईल. पहिला पेढा त्यांनी त्या रुसलेल्या पोरांकडेच पाठवला होता. नगरसेविकापद गेले, पण ओट्यावरची गर्दी तसूभरही कमी झाली नाही. मला विचाराल, तर मला त्या पोरांचा राग अजून येतो. ताईंना तो कधी आलाच नाही. उलट त्यांच्यातल्या दोघांची लग्ने त्यांनीच जमवली.

पुढे अण्णांचा श्वास पुन्हा एकदा कोंडला. या खेपेला रुग्णवाहिका सरळ दाराशी आली. मी कंपनीत होतो. माझी पत्नी मंदा एकटी होती. रशीदभाईंनी मला फोन केला तेव्हा पहिलेच वाक्य होते, की अण्णा दवाखान्यात पोहोचले, आता घाबरत घाबरत येऊ नको. अण्णा दवाखान्यात होते तेवढे दिवस ताईंचा डबा चुकला नाही. भाकरी मऊ, भाजी कमी तिखट. अण्णांना काय चालते ते त्या मंदाला विचारून घेत आणि वर तिलाही समोर बसवून जेवायला लावत. हे सगळे त्या निवडणूक हरल्यानंतरचे आहे, हे मुद्दाम सांगतो.

तेव्हापासून ताई अधूनमधून अण्णांना भेटायला येतात. दोघांच्या गप्पा म्हणजे जुन्या दापोडीची उजळणी आणि आजकालच्या भाज्यांना चव कशी नाही, याची चर्चा. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी गप्पा मारता मारता ताईंनी छातीवर हात दाबला आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. मी सुट्टीवर होतो. रुग्णवाहिकेला फोन केला आणि लगेच रशीदभाईंना. अण्णा, ज्यांना स्वतःला चार पावले टाकली की धाप लागते, ते ताईंच्या डोक्याशी बसून त्यांना वारा घालत होते. बाहेर रशीदभाई गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. बाकी कोणाला काही सांगावे लागले नाही. दारासमोरच्या सायकली आत गेल्या, उन्हात टाकलेली खाट उचलली गेली, आणि ज्यांनी एके काळी कमान बांधली होती त्यांच्यातलाच एक जण आपली रिक्षा ढकलत बाहेर नेत होता. मी दारात उभा राहून ते पाहिले आणि मला रडू आले. त्याची लाज वाटत नाही.

ताईंनी डोळे उघडले. अगदी बारीक आवाजात विचारले, "गाडी कुठवर आली?"

अण्णा म्हणाले, "दारात उभी आहे, ताई."

ताईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मग आता मला काय व्हत न्हाई."

आणि खरोखरच काही झाले नाही. वेळेवर पोहोचलात, असे डॉक्टर म्हणाले. ताई आता ठणठणीत आहेत, गोळ्या घेतात, मीठ कमी खातात, निदान तसे सांगतात, आणि रोज ओट्यावर असतात.

या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो तेव्हा अण्णांना विचारले, की तुमच्याकडून काय लिहू. वयाने ताईंपेक्षा मोठे असल्यामुळे आशीर्वाद द्यायचा अधिकार या घरात फक्त त्यांनाच आहे. अण्णा म्हणाले, "लिही, की गल्ली आम्ही अशीच मोकळी ठेवू. पण हौसाताई, तुमच्यासाठी ती गाडी पुन्हा कधीच आत येऊ नये. तुम्ही आपल्या पायांनी या, आणि पुष्कळ वर्षं येत राहा."