गिधाड, पाणमांजर आणि अप्पा

कोवळ्या उन्हात ताडाच्या शेंड्यावर एक गिधाड दोन्ही पंख पसरून बसलेलं, आणि खाली कावेरीच्या ओल्या वाळूत एक पाणमांजर मासा कुरतडत असलेलं... कुंभकोणमचं बालपण आठवलं, की आधी हेच दिसतं, आणि पाठोपाठ येतो भिजवलेल्या विड्याच्या पानांचा, नदीच्या गाळाचा वास.

आई गेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची. अप्पा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तिथे घसा सुकेतो बोलत, घरी मात्र मिठाची गुळणी! बाहेर सारा गाव तमिळ, आमची मराठी तेवढी माजघरातली — आणि तीही आईबरोबर गेल्यासारखी झाली होती. बोलणं उरलं होतं ते एका खेळापुरतं. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून अप्पा दोन प्राणी सांगत, मी त्यांचं नातं लावायचं. मेली ती संध्याकाळ होता होत नसे.

एकदा कानावर आलं, की मला कायमचं पापनाशमला, आत्याकडे, धाडायचं ठरतंय. अप्पा त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. नेहमीसारखं म्हणाले, "सांग बाई, गिधाड आणि पाणमांजर."

"एक पक्षी, एक सस्तन. एकाला पिसं, एकाला लव. एक अंडं घालतं, एक दूध पाजतं. पाठीचा कणा सोडला, तर काही सोयरसुतक नाही!"

"शाबास."

मग मी धीर केला. "अप्पा, पाणमांजराच्या पिल्लाला आई पोहायला शिकवते. पण गिधाडाचं पिल्लू आई-बाप दोघं वाढवतात ना? मग आई मेली, तर बाप वाढवील की!"

झोपाळा थांबला. हो म्हणा ना अप्पा, खोटं का होईना... पण आपल्या विषयात खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"एकट्यानं निभत नाही गं," ते म्हणाले. "तो चाऱ्याला गेला, की घरट्यापाशी कोण बसणार?"

"मी बसेन एकटी," मी म्हटलं.

अप्पा पंच्याच्या टोकानं चष्मा पुसू लागले, आणि कितीतरी वेळ पुसतच राहिले.

लवकरच मी पापनाशमला गेले. अप्पा रविवारी येत, ओट्यावर बसत, डोक्यावरून हात फिरवत. प्राणी मात्र पुन्हा कधी सांगितले नाहीत.

आता ताड आहेत, गिधाडं नाहीत. त्यांच्या नावापुढे 'अतिसंकटग्रस्त' असं लिहितात. पाणमांजराचं जरा बरं, ते नुसतंच 'असुरक्षित'. नदीला पाणी असलं, तर कुठे कुठे दिसतं म्हणे. अप्पांनाही जाऊन युगं लोटली... आत्यानं माझं काही म्हणता काही कमी केलं नाही. पण अप्पांपाशी कोण बसणार, हे त्या संध्याकाळी आम्हां दोघांनाही सुचलं नाही.