कूलरसमोरचं झेन

जळगावच्या एका डॉक्टरांनी जपानहून गुंडाळीचं चित्र आणलं. हातकागदावर शाईचा एकच गोल, बाकी सगळं कोरं, भोवती राखाडी कापड आणि खाली लाकडी दांडी. चित्रकार आजचाच, हयात. डॉक्टर आमच्या शाळेत पाहुणे म्हणून आले होते. मी चित्रकला शिकवतो हे कळल्यावर त्यांनी तासभर मला झेन समजावलं. बुद्ध कोण होता, हेही समजावलं. आमच्या घरात तीन पिढ्या बुद्धवंदना होते, हे मी बोललो नाही. पाहुण्याचा एवढा रंगलेला तास कशाला मोडायचा.

जपानात म्हणे असं चित्र ऋतूपुरतं टांगतात, मन भरून पाहतात आणि गुंडाळून ठेवतात. डॉक्टरांना एवढा धीर कुठला! आणि खान्देशात मे महिन्यात मानाची जागा एकच, कूलरसमोरची. तिथे व्याह्याला बसवतात, जावयाला बसवतात; यांनी चित्रालाही तिथेच टांगलं. महिनाभर ओली हवा खाऊन पाठीमागचा कागद सुटला, कापडाला फुगे आले. डॉक्टर जपानी मालाच्या नावाने बोटं मोडू लागले.

दुरुस्तीसाठी मी आबांचं नाव सुचवलं. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि विहाराच्या भिंतीवर बुद्ध. चित्र धुळ्यातल्या देवपूरला आमच्या घरी आलं. सुटलेल्या कोपऱ्यावरची वाळलेली खळ आबांनी नखाने खरवडली, पाण्याच्या थेंबात चोळली आणि हसले.

"हाई खळ गहूनी शे. आपलीच शे."

पोस्टरं चिकटवायला ते वर्षानुवर्षं तशीच गव्हाची खळ शिजवत आले होते. आठ दिवस ते त्या चित्राच्या पाठीशी बसले. जुना कागद ओला करून सोडवला, नवा लावला, फळीवर पालथं वाळत घातलं. चित्राचं तोंड त्यांना धड दिसलंच नाही.

शेवटच्या दिवशी म्हणाले, एक दिवस आपल्याच भिंतीला टांगू, मी समोर बसून पाहतो. त्यांना एवढंच हवं होतं. मी नको म्हणालो. लोकाची वस्तू, आपल्याकडे फोडणीचा धूर, डाग पडला तर? डॉक्टरांकडे समारंभ आहे, तिथे नेतो तुम्हाला, असा शब्द दिला. आबांनी चित्र गुंडाळून दोरी बांधली.

समारंभाचं नाव होतं 'मौनाची संध्याकाळ'. डॉक्टरांचा फोन आला. तुम्ही चार शब्द बोला म्हणाले, आबांना मात्र एवढ्या उन्हात कशाला त्रास. संध्याकाळच्या समारंभाला कसलं ऊन, हे मी विचारलं नाही. पाट्या रंगवणाऱ्या आबांना का बोलावलं नाही, ते मला चांगलं कळत होतं. पण मला माईक मिळणार होता.

मौन पाळायला हॉलभर माणसं आली. प्रत्येकाने चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढला आणि मग कचोरीकडे मोर्चा वळवला. गोल जरा वाकडाच आलाय, असं एक बाई म्हणाल्या. मी पाऊण तास शांततेवर बोललो. चित्र एका तज्ज्ञाने दुरुस्त केल्याचं डॉक्टरांनी जाहीर केलं, तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले, टाळ्या पडल्या. मी नम्रपणे मान झुकवली. डॉक्टरांना हसतो खरा, पण त्या हॉलमध्ये माझ्याइतका हलका माणूस दुसरा नव्हता. चित्र परत कूलरसमोरच टांगलं होतं, आणि त्यावरही मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आबांनी विचारलं, सरळ लागलं का, दांडी तिरपी तर नाही दिसत. छान दिसतं, मी म्हणालो. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तू तरी बठना का त्यानामोरे?"

मी बसलो नव्हतो. मी त्याच्याकडे पाठ करून बोलत होतो.