नांदूरमध्यमेश्वरचे करकोचे आणि प्रशांतने उघडलेली दुर्बीण

डोळे तपासायला म्हणून आईला देवळ्याहून नाशिकला आणलं, तर दारातूनच तिनं जाहीर केलं की तिला सगळं दिसतं. सुईत दोरा जात नाही तो दोष सुईचा, आणि पायरी चुकते तो गवंड्याचा. गावात कुणाचा तरी डोळा ऑपरेशननंतर बिघडला, ती धास्ती तिच्या मनात बसलेली. मला मात्र तिच्या डोळ्यांची काळजी झोपू देईना. शेवटी माझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, तोडगा काढला: आधी नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात पक्षी बघून येऊ, डॉक्टरचं नंतर. आई लगेच तयार. लहानपणी शेतावरून करकोच्यांच्या रांगा जायच्या, पण जवळून तिनं एकही पाहिला नव्हता.

आता प्रशांतबद्दल. तो सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये, आणि सातपूरच्या माणसाला स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. मिक्सर असो, गिझर असो, शेजाऱ्यांची इस्त्री असो, बिघडलेलं असो वा धडधाकट, उघडणारच! आमच्या घरच्या दुर्बिणीत पावसाळ्यात बुरशी धरली होती. आदल्या संध्याकाळी ती उघडून त्यानं पुसली. परत जोडल्यावर एकही स्क्रू उरला नाही, म्हणून स्वारी खुशीत.

निफाडवरून रस्ता चांगला आहे, पुढे अरुंद होतो. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर चिडू नका. जाल तर थंडीतच आणि सकाळी लवकर. स्वेटर विसरू नका. वाटेत आम्ही मिसळ हाणली, आईनं मात्र आपली भाकरी आणि ठेचाच काढला. तिकीट किरकोळ आहे. गावातला गाइड जरूर घ्या, कारण पक्षी आज कुठे उतरलेत ते त्यालाच ठाऊक.

आमच्या गाइडभाऊंनी पलीकडच्या हरभऱ्यात करकोच्यांचा थवा दाखवला. मी दुर्बीण लावली आणि डोकंच गरगरलं. प्रत्येक पक्ष्याला एक जोडीदार चिकटलेला. प्रशांतनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं मग समजावलं: भिंगातून चित्र उलटं येतं. ते सरळ करायला प्रत्येक नळीत दोन लोलक बसवलेले असतात, ते प्रकाशाला वळवून वळवून डोळ्यापर्यंत आणतात. त्यातला एक जरी केसभर सरकला, तरी दोन नळ्या दोन वेगळ्या जागी बघतात. गाइडभाऊंनीही डोळा लावून "डबल हाय" असा निकाल दिला.

आईचा विरस होणार म्हणून मी बिचकतच दुर्बीण तिच्या हातात दिली. ती बराच वेळ बघत राहिली.

"लय देखणं पाखरू हाय गं. काळी मान, कानामागं पांढरा तुरा."

"दोन दोन दिसतायत ना?"

"दोन कुठं? एकच हाय."

प्रशांतनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. एकाचे दोन दिसायला दोन्ही डोळे लागतात. त्यानं हळूच तिला उजवा डोळा मिटून बघायला सांगितलं. तिनं मिटला.

"धुकं हाय," ती म्हणाली. धुकं तर केव्हाच विरलं होतं.

"जावईबापू, दुर्बीण बरोबर हाय का?"

"नाही आई. बिघडलीय. मीच बिघडवली."

"मंग मला कशी बरोबर दिसती?"

प्रशांतनं शेजारी बसून तिला सगळं सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, उजवा डोळा उघडून पुन्हा पोटभर करकोचे पाहिले आणि म्हणाली, "उद्या जाऊ डाक्टरकडं."

मोतीबिंदू होता, चांगलाच पिकलेला. ऑपरेशन नीट पार पडलं. डोळ्याच्या आत आता एक चिमुकलं भिंग आहे. इतकं जाऊन काय पाहिलं असं मैत्रिणी विचारतात तेव्हा मी करकोचे सांगते, पण मनात आईचं ते "एकच हाय" असतं. प्रशांतला दुर्बीण नीट करायला अजून सवड झालेली नाही. परवा आईनं ती उचलून समोरच्या टाकीवर रोखली आणि वैतागून खाली ठेवली.

"जावईबापू, हे काय? एका कबुतराची दोन दिसत्यात."

इतकी गोड तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती.