घरटी एक

गुरुनाथ गेल्याचा मेसेज त्याच्या मुलीने कॅनडाहून पाठवला, तेव्हा मी माजिवड्याला स्कूटर गॅरेजमध्ये टाकून चहा पीत बसलो होतो. वाचल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की आता पेपरात याचा फोटो येणार. वाईट वाटलं ते त्यानंतर. खोटं कशाला सांगू, आमची दोस्ती अशीच होती.

आम्ही दोघं कळव्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावातले, एकाच आळीतले. भातशेती खारजमिनीत, भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध. त्याला खांड पडून पाणी आत घुसलं, की माझे वडील ओट्यावरून ओरडायचे, "घरटी एक या रं!" आणि प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन निघायचा. सूट कुणालाच नव्हती. ते ओरडणं वडिलांनंतर माझ्याकडे आलं खरं, पण तोवर शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या.

गुरुनाथ ट्रॅक्टर दुरुस्ती शिकून कॅनडाला गेला आणि गव्हाच्या शेतांमधल्या एका खेड्यात राहिला. एका वर्षी तिथली नदी फुगली. लोक सरकारी माणसांची वाट बघत उभे, तर हा दारोदार फिरला, घरटी एक माणूस मागत. रेतीच्या गोण्या रचून त्यांनी गाव वाचवलं. मग तिथल्या उजव्या पक्षाने त्याला तिकीट दिलं... गावच्या कौन्सिलातून प्रांताच्या विधानसभेत, पुढे शेतीमंत्री. सरकारने माणसाच्या अंगणात कमी यावं आणि शेजाऱ्याने जास्त, एवढंच त्याचं राजकारण. भाषणात तो 'घरटी एक' मराठीतच म्हणायचा आणि गोरे शेतकरी टाळ्या वाजवायचे. ते व्हिडिओ बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. ते शब्द माझ्या बापाचे होते! तेच पत्रकावर छापून मी इथे महापालिकेला उभा राहिलो आणि दर खेपेला पडलो. एका सोसायटीत तर बाईंनी विचारलं, "घरटी एक काय देणार? मिक्सर का?"

तो सुट्टीवर आला की मी मुद्दाम खोचकपणे विचारायचो, "तिकडचा विरोधी पक्ष काय झोपलेला असतो काय रे?" तो हसायचा. "मोऱ्या, तू तिथं उभा असतास ना, तर माजं डिपॉझिट पन गेलं असतं." हे तो मनापासून म्हणायचा, म्हणून तर जास्त झोंबायचं.

गावच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मध्ये त्याचा मोठा फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून आम्हा सगळ्यांचे छोटे गोल चेहरे, नेहमीप्रमाणे. डोंबिवलीच्या फ्लेक्सवाल्याला मी त्याचा कुठल्याशा लग्नातला धुरकट फोटो पाठवला. स्वतःचा मात्र निवडणुकीचा, स्टुडिओत काढलेला. सकाळी उठल्याउठल्या नाक्यावर जाऊन बघतो, तर वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मध्ये हात जोडून मी! गुरुनाथ खाली, शोकाकुलांच्या रांगेत. फोन केला तर फ्लेक्सवाला म्हणतो, "काका, जो क्लिअर होता तो मोठा केला. आणि तुमच्या फ्लेक्सवर तुमचाच मोठा असतो ना नेहमी!"

जन्मभर हवी होती ती जागा मला अशी मिळाली. आळीतल्या दोघीतिघी पदर डोळ्यांना लावून दारात आल्या, मला दात घासताना बघून ओशाळल्या आणि चहा घेऊन गेल्या.

नवा फ्लेक्स लागला. जुना मी घरी आणला. आता माझी बायको, कुंदा, त्याच्यावर गच्चीत सुकट वाळवते. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सुकट पसरते, गुरुनाथचा कोपरा तेवढा मोकळा ठेवते. मी म्हटलं, "त्याच्यावर पन टाक की." तर म्हणाली, "राहू दे. तो पाव्हना हाय."

त्या रांगेत बाकी सगळ्यांनी तोंडं पाडली आहेत, हा एकटा हसतोय. त्याच्या मयताला आमच्या आळीतून एकही माणूस जाऊ शकला नाही... ना मी, ना दुसरं कुणी. माझ्या श्रद्धांजलीला मात्र त्याच्या घरचा एक माणूस हजर आहे, तो स्वतः. कुंदा खाली गेली, की त्याच्या चेहऱ्याशी आलेली सुकट मी बाजूला सारतो आणि म्हणतो, गुऱ्या, यातही तूच निवडून आलास.