समुद्रावर संशय

“कोन म्हनते?”

आमच्या आळीतल्या, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या ओव्हरसियरांना काहीही सांगितलं की आधी हा प्रश्न यायचा. उद्या एकादशी आहे. कोन म्हनते? नदीचं पाणी उतरलं. कोन म्हनते? सांगणाऱ्याचं नाव कळलं की डावा डोळा बारीक करून ते म्हणत, “मंग तं पाहाच लागन.” मी शाळेत इतिहास शिकवायचो. कोण काय म्हणालं यावरच माझं पोट होतं, त्यामुळे मी त्यांच्यासमोर जपून बोले.

तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच. पण वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि आमच्या जिल्ह्यात सत्पुरुषांची इतकी गर्दी होती, की संशय घ्यायचं सगळं काम एकट्या ओव्हरसियरांवर येऊन पडलं होतं.

त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, समुद्र पाहायचा होता. नागपूरच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. नजर कडेकडेने बुजत जाईल, पाहायचं ते लवकर पाहून घ्या, असं तो म्हणाला. काकूंनी बाकी काही मागितलं नाही. त्यांच्या मामेबहिणीचे यजमान जंगलखात्यात होते, त्यांची बदली डहाणूला झालेली होती, आणि घराच्या मागेच समुद्र आहे असं बहीण सांगून गेली होती.

“डॉक्टर माह्याकडं पाहून बोलला, हिच्याकडं पाहून नाई,” ओव्हरसियर मला म्हणाले. “तवाच समजलो मी. काई तं गडबड हाय.”

तरीही डहाणू ठरलं. आगगाडीने नाही. “रेल्वेले हँडल नसते, मास्तर. समोर काई आलं तं वळवान कशी?” कोणा वकिलाची जुनी निळी मोटार त्यांनी विकत घेतली आणि तयारी सुरू झाली.

ती तयारी पाहायला आळीतले लोक चहा हातात घेऊन येत. पेट्रोल आधी हुंगायचं, मग मऊ कातड्यातून गाळायचं. ट्यूब पाण्याच्या घंगाळात बुडवून बुडबुडे शोधायचे. बुडबुडा आला नाही तर घंगाळ बदलायचं. स्टेपनी एक होती, तिच्यावर भरवसा नाही म्हणून दुसरी आली. कमानीचे जादा पाटे, पंख्याचा जादा पट्टा, पुढे बांधायला पाण्याच्या दोन छागला, म्हणजे कॅनव्हासच्या पिशव्या. दोन का, तर एक गळेल. मलकापूरच्या पुढे मुंबई राज्य लागत असे, आणि तिथला नाकेदार आपल्यावर संशय घेईल असा त्यांना संशय होता.

मग चाचणीच्या फेऱ्या. पहिली पवनारपर्यंत. दुसरी जामपर्यंत. प्रत्येक पुलाअलीकडे मोटार थांबे, आम्ही सगळे उतरून चालत पलीकडे जायचो आणि मग ओव्हरसियर एकटेच मोटार घेऊन यायचे. काकू पदर सावरत मुकाट्याने चालत.

तिसऱ्या फेरीला कारंजाला गेलो. तिथल्या धाब्यावर मुंबईकडून आलेले ट्रकवाले बसले होते. ओव्हरसियरांनी एकाला रस्ता विचारला. “एकदम बढिया,” तो म्हणाला. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळे बढियाच म्हणाले.

“ठरवून आले लेकाचे,” ओव्हरसियर खाटेवरून उठत म्हणाले. “तिघाईचं एक कसं निंगते?”

“अहो, रस्ता चांगला असेल तर चांगलाच म्हणतील ना,” मी म्हणालो.

“तुमी मास्तर हा. तुमाले पोरं खोटं बोलत नसतीन.”

परतताना आर्वीच्या अलीकडे एक रपटा लागला, पावसाळ्यात ज्याच्या डोक्यावरून पाणी जातं तसला नाल्यावरचा ठेंगणा पूल. तिथे ओव्हरसियर सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले. खाली उतरून मोटार सुरू करायच्या हँडलने दगड ठोकून पाहिले.

“चांगला मजबूत दिसतो,” मी म्हणालो.

“दिसनारच. मीच बांधला.”

“मग?”

“मंग काय मंग? सिमेंट किती आलं अन् किती गेलं, हे मलेच माहीत हाय ना.”

ते हसले नाहीत. माणसाचा जगावर इतका संशय का, हे मला त्या नाल्यात कळलं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. तयारी संपत नव्हती. काकू आता तांदूळ निवडताना ताट डोळ्यांसमोर उचलून धरत, आणि शेजारी येऊन बसलेलं माणूस बोलेपर्यंत त्यांना कळत नसे. ओव्हरसियर मात्र म्हणत, “वय झालं, दुसरं काय?” डॉक्टरवर संशय घेणं त्यांच्या सोयीचं होतं.

एके सकाळी मी दात घासत अंगणात आलो तर काकू मोटारीत पुढच्या सीटवर बसलेल्या. मांडीवर दशम्यांचा डबा, मागे ट्रंक. ओव्हरसियर चाकाशी वाकलेले होते.

“काऊन बसली? ब्रेक पाहाचा हाय अजून.”

“पाहा ना. मी बसली हाओ.”

“पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं ना तुले.”

काकूंनी मान सरळच ठेवली. “मले बाजूचं दिसनं गेलं आता. तुमी इथं उभे हा, पन मले तुमचा आवाजच येऊन राह्यला. समोरचं थोडंसं दिसते. समुद्र समोरच राहीन ना?”

ओव्हरसियर ‘कोन म्हनते’ असं म्हणाले नाहीत. हातातला पाना त्यांनी माझ्या हातात दिला, हात धोतरालाच पुसले, आणि मोटार सुरू केली. म्युनिसिपालिटीचे एक सभासद पुढच्या आठवड्यात हार आणि चार शब्द घेऊन निरोपाला येणार होते. ते आले तेव्हा रस्त्यावर नुसते तेलाचे डाग उरले होते. भाषण त्यांनी तरीही केलं.

परत आल्यावर ओव्हरसियरांना मी समुद्र कसा वाटला ते विचारलं. “पानी येते, जाते. भरोसा नाई,” एवढंच म्हणाले. पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. मोटार कोणीतरी घेऊन गेलं. आळीत माणसं बिनधास्त बोलू लागली, आणि बोलण्याची चव गेली.

काकूंना तोवर काहीच दिसेनासं झालं होतं. मी कधी जाऊन बसे. एकदा धीर करून विचारलं, “काकू, तिकडे समुद्र नीट दिसला होता ना?”

त्या हसायला लागल्या.

“कोनाले सांगू नका, मास्तर. मले वाळूत बसवलं यायनं, अन् लाट येईन म्हनून सोता माह्या समोर जाऊन उभे राह्यले. पानी जराक पुढं आलं का हे हात आडवे करत. मले बाजूचं तं दिसेच ना. मंग काय, धोतर गुडघ्यावर खोसलेले, पाठमोरे, हेच दिसले मले. अंधार पडेपर्यंत.”

“अहो, मग सरका म्हणायचं ना.”

“म्हननार होती,” काकू म्हणाल्या. “मंग म्हटलं, राहू दे. पाहून घेऊ.”