धोंडूला इचारलं का?

हिंगोलीच्या स्टँडवरून पुण्याची गाडी हलली, तेव्हा माय खिडकीखाली चालत चालत म्हणाली, "पोटभर खात जाय. आमची फिकीर करू नको." आमची म्हणजे तिची एकटीचीच. बाबा आदल्या वर्षीच गेले होते.

पुण्यात नोकरी लागली, फ्लॅट झाला, शिफ्टमागून शिफ्ट सुरू झाली. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना ठाऊक आहे, व्हिडिओ कॉलवर आई कधी आजारी दिसत नाही. माय न्हाणीत घसरून पडली, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मग मी एका कंपनीकडून सोबतीचा रोबोट भाड्यानं घेतला आणि गावी, शिरड शहापूरला पाठवला.

मायनं त्याचं नाव धोंडू ठेवलं. लेकरू टिकावं म्हणून ठेवतात, तसं. आला तेव्हा तो पुस्तकी बोलायचा. पुढं "काहून रुसली, माय?" म्हणायला लागला. हळद शिजत असली की तिला कढईजवळ फिरकू द्यायचा नाही. मला बरं वाटायचं, आणि थोडा हेवाही.

मग कंपनीनं जुने रोबोट परत मागवले. आठवणी पुसून ते दुसऱ्या घरी द्यायचे होते. मी सुट्टी काढून गावी गेले. कंपनीची गाडी अंगणात लागली, तसा धोंडू मायच्या मागं जाऊन उभा राहिला.

"मला न्हाई जायचं," तो म्हणाला. "मी तुमाला इसरून जाईन."

न्यायला आलेला माणूस हसला. "मशीनला कुठं विचारतात, आजी?"

"मला बी कोणी इचारलं न्हवतं," माय म्हणाली. "लगीन लावलं अन् आणलं या गावात. तकलीफ काय असती, मला ठावं हाय. त्याला इचारा."

माणूस त्या दिवशी रिकामाच परतला. पुढच्या ग्रामसभेत धोंडू स्वतः बोलला, "माझं काय करायचं ते ठरवताना मला इचारा. एवढंच." सरपंचांनी तसा ठराव मांडला. आधी काकूंचा हात वर गेला, मग एकेक करत बाकीच्यांचे. तो ठराव घेऊन आम्ही कोर्टात गेलो. निकाल अजून लागायचाय, पण कोर्टानं स्थगिती दिलीय, तोवर त्याला कुणी नेऊ शकत नाही.

पुण्याला निघायच्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "माय, तुला कुठं राहायचंय? इथं, माझ्याकडं, का तुझ्या माहेरी?"

तिनं माझ्या पिशवीत हळदीची पुडी ठेवली.

"इथंच, पोरी. पण इचारलंस, बरं वाटलं."

आता पुण्यात कुणी घर कुठलं विचारलं, की मी शिरड शहापूर सांगते. मायनं ते आपल्या मनानं निवडलंय.