रिकामा फुगा

मी तापट आहे हे आमच्या घरात कुणीही सांगेल. त्या दिवशी मी दिग्दर्शकाला फोनवर सरळ म्हणाले, "तुम्ही माझ्या चित्रकथेचं वाटोळं केलंत."

माझी चित्रकथा एका आजोबांची आणि त्यांच्या नातीची. आजोबांना वाचा नाही. त्यांच्या तोंडाशी मी संवादाचा फुगा काढते, पण आत एक अक्षर नसतं. नात त्यांचा चेहरा बघून ओळखायला जाते आणि बहुतेक वेळा भलतंच ओळखते, गंमत तिथेच. हे आजोबा म्हणजे माझे बाबा. पनवेल-उरणकडे गावोगाव टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा व्हायच्या, तिथे माईक त्यांच्याच हातात. मॅच राहिली बाजूला, माणसं बाबांची कॉमेंट्री ऐकायला यायची. मग घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. माझी लेक त्यानंतर जन्मली. विचुंब्याच्या आमच्या घरात तिचे आजोबा पाटीवर लिहूनच बोलतात.

चित्रकथेवरून ॲनिमेशन मालिका करायची ठरली आणि त्या लोकांनी आजोबांना बोलकं केलं. बाबा कोण होते ते मीच कधीतरी सांगून बसले होते, तर त्यांनी म्हाताऱ्याच्या हातात माईकच दिला. दिग्दर्शक म्हणाले, "मॅडम, कागदावर रिकामा फुगा चालतो. टीव्हीवर मुलं चॅनल बदलतात." करारात बदलाची मुभा होती, सही माझीच. बसले हात चोळत.

मला धास्ती वेगळीच होती. गेलेल्या आवाजाबद्दल बाबांनी पाटीवर कधी एक शब्द लिहिला नव्हता. आता त्यांच्यासारखा दिसणारा म्हातारा त्यांच्यासमोर दुसऱ्याच्या गळ्यातून बोलणार. आम्ही मालिका बघायला बसायचं आणि त्यांच्या जखमेवर मीठ चोळायचं, असंच ते झालं असतं.

पण बोलणारच असेल तर निदान आमच्यासारखं बोलू दे, छापील नको, म्हणून मी आवाज देणाऱ्या नटाला बाबांची जुनी वाक्यं फोनवर म्हणून दाखवली. बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून खोलीला कडी लावून. "बॉल गेला मिठागरान. आता येल तो खारवूनच."

पहिला भाग लागला तेव्हा लेक बाबांना चिकटून बसली. मी टीव्ही बघितलाच नाही, बाबांकडे बघत होते. पडद्यावरच्या आजोबांनी मिठागराचं वाक्य म्हटलं आणि बाबांनी हात वर केला. थांबव.

लेकीने टीव्ही थांबवला. बाबांनी पाटी ओढली, भराभरा लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "हा लय घाई करतो. मिठागरान गेला म्हनल्यावर गप रवाचा. लोकांना बॉल शोधू दे. मंग बोलाचा." खाली आणखी एक ओळ होती, "त्याला घरी बोलव."

मी ओढणीने डोळे पुसले आणि नटाला फोन लावला.

तो आला बिचारा, फरशीवर मांडी घालून बसला. बाबांचा हात वर असेतो गप्प राहायचं, खाली आला की बोलायचं. चुकला की बाबा पाटी ठोकायचे. "काका, अजून थांबू?" बाबांचा हात वरच. माझा नवरा चहा घेऊन आला, तर तो हात बघून तोही ट्रे घेऊन दारातच उभा राहिला.

आता दिग्दर्शकाचे मी उपकार मानते, तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी माझं ऐकलं असतं, तर बाबा आजही पाटीवर 'चहा' आणि 'गोळी' एवढंच लिहीत बसले असते. आता नट दर आठवड्याला येतो आणि बाबा सकाळपासून दाढी करून तयार असतात.

परवा नव्या भागात बॉल पुन्हा मिठागरात गेला. पडद्यावरचे आजोबा तेवढं सांगून गप्प झाले. घरात पंख्याचा आवाज तेवढा. आजोबांचा आवाज कधीच न ऐकलेली माझी लेक टीव्हीकडे बोट करून हळूच म्हणाली, "आई, आता आपले आजोबा बोलतायत."

सोफ्यावर बाबांचा हात वरच होता.